ट्रायथलॉन : वेगाची नव्हे, संयमाची कसोटी

१९८२ च्या फेब्रुवारी महिन्यात हवाई बेटांवरील कैलुआ-कोना या गावी एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळाले. ज्यूली मॉस ही तेवीस वर्षांची अमेरिकन विद्यार्थिनी सकाळपासून समुद्रात पोहून, सायकल चालवून आणि धावून महिला स्पर्धकांत सर्वांच्या पुढे होती. अंतिम रेषा काही पावलांवर आली असता तिचे पाय लटपटले आणि ती कोसळली. मागून आलेली कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून विजयी झाली. मॉस मात्र हातापायांवर रांगत पुढे सरकली आणि तिनेही अंतिम रेषा गाठली. दोघींच्या वेळेत केवळ २९ सेकंदांचा फरक होता. दूरचित्रवाणीवरून हे दृश्य लक्षावधी लोकांनी पाहिले आणि ट्रायथलॉन या तोपर्यंत अपरिचित असलेल्या क्रीडाप्रकाराचे नाव घरोघरी पोहोचले.

मॉस व्यायामशास्त्राच्या अभ्यासप्रकल्पाच्या निमित्ताने या स्पर्धेत उतरली होती. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले, ते योग्यच होय. परंतु त्या दृश्याने एक प्रश्नही उभा केला. दहा-अकरा तास उत्तम साथ देणारे तरुण शरीर अगदी अखेरच्या क्षणी का कोसळावे? लांब पल्ल्याची पहिली ट्रायथलॉन पूर्ण करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने प्रथम या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले पाहिजे.

स्पर्धेचा उगम

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये विश्रांती न घेता लागोपाठ पूर्ण करणे म्हणजे ट्रायथलॉन होय. या नावाची आधुनिक स्पर्धा १९७४ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे झाली. तिची अंतरे लहान होती. लांब पल्ल्याच्या स्पर्धेचा जन्म मात्र एका वादातून झाला. हवाईतील ओआहू बेटावर जलतरणपटू, सायकलपटू व धावपटू यांपैकी सर्वांत काटक कोण, अशी चर्चा चालली असता अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी बेटावरील तीन स्वतंत्र स्पर्धांची अंतरे एकत्र जोडण्याची कल्पना मांडली. त्यांच्या पत्नी ज्यूडी यांचाही या उपक्रमात वाटा होता.

त्यानुसार १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण पाण्यात उतरले. त्यांपैकी बारा जणांनी स्पर्धा पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिले आले. धावण्याच्या टप्प्याच्या आरंभी जॉन डनबार आघाडीवर होते; पण त्यांच्या मदतनीसांजवळील पाणी संपले आणि त्यांना बिअर पिऊन तहान भागवावी लागली, असे सांगितले जाते. ते दुसरे आले. स्वतः कॉलिन्स यांना सुमारे १७ तास लागले. पुढील वर्षी लिन लमेअर या पहिल्या महिलेने हे अंतर पार केले. १९८१ साली ही स्पर्धा ओआहूवरून हवाईच्या मोठ्या बेटावर हलविण्यात आली.

तेव्हा ठरलेली अंतरे आजही कायम आहेत. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल चालविणे आणि ४२.२ किलोमीटर धावणे, अशी एकूण २२६ किलोमीटरांची ही वाटचाल असते. तिच्या निम्म्या अंतराचीही स्पर्धा होते. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला, तो १.५, ४० व १० किलोमीटर या बऱ्याच लहान अंतरांचा होता. पूर्ण अंतराच्या बहुतेक स्पर्धांत सर्व टप्पे मिळून १७ तासांची मर्यादा असते. नवागताच्या दृष्टीने हीच खरी महत्त्वाची संख्या होय. अकरा तासांत पोहोचणारा आणि साडेसोळा तासांत पोहोचणारा, या दोघांचीही स्पर्धा पूर्ण झाली असेच मानले जाते.

शरीराचे इंधन

परिश्रमाच्या वेळी शरीर चरबी व शर्करा अशी दोन प्रकारची इंधने वापरते. चरबीचा साठा सडपातळ माणसाजवळही मुबलक असतो. परंतु तिच्यापासून ऊर्जा मंद गतीने मिळते. शर्करेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात असतो. तो साधारणतः चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार किलोकॅलरी इतकाच भरतो. उलटपक्षी, संपूर्ण स्पर्धेत होणारा खर्च आठ हजार किलोकॅलरींच्या पुढे जाऊ शकतो. वेग जितका अधिक, तितका शर्करेचा वापर अधिक. आरंभीच जोर लावणारा स्पर्धक आपली मर्यादित पुंजी सकाळीच उधळून टाकतो आणि तिसऱ्या प्रहरी रिकाम्या हाताने धावू लागतो. शर्करा व पाणी संपत आले की जिद्द कितीही असली तरी पाय साथ देत नाहीत.

म्हणूनच पहिल्या पूर्ततेचा पहिला नियम असा की, दिवसाचा पूर्वार्ध आपल्या शक्तीपेक्षा कमी वेगाने काढावा. दुसरा नियम असा की, भूक लागण्याची वाट न पाहता खात राहावे. दर तासाला साधारणपणे ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जाणे इष्ट मानले जाते. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात, यावरून या गरजेची कल्पना येईल. सायकलवर असताना अन्न सहज पचते, धावताना पचत नाही. त्यामुळे धावण्याची शिदोरी सायकलवरच बांधून घ्यावी लागते. सरावात न खाल्लेला कोणताही पदार्थ स्पर्धेच्या दिवशी खाऊ नये, हे पथ्य अनुभवी खेळाडू कटाक्षाने पाळतात.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके घातक ठरतात. उष्ण हवेत तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. पाणी कमी पडल्यास शरीराचे तापमान वाढते व उष्माघाताचा धोका निर्माण होतो. याउलट, भीतीपोटी साधे पाणी प्रमाणाबाहेर पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. त्यामुळे डोकेदुखी, ओकारी, गोंधळलेली अवस्था व प्रसंगी फेफरे अशी लक्षणे दिसतात आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावर बेतू शकते. सरावापूर्वी व सरावानंतर वजन करून पाहिल्यास आपल्याला किती पाणी लागते, याचा अंदाज येतो. दीर्घ सरावानंतर वजन वाढलेले आढळल्यास पाणी अधिक झाले, असे समजावे.

तीन टप्पे, तीन शिस्ती

पोहण्याचा टप्पा अंतराने सर्वांत लहान, पण मनाची सर्वाधिक परीक्षा घेणारा असतो. तलावात तळ दिसतो, भिंत धरता येते. समुद्रात लाटा, प्रवाह आणि शेकडो हातापायांची गर्दी असते. अशा वेळी घाबरलेला उत्तम जलतरणपटूही दम गमावतो. म्हणून खुल्या पाण्याचा सराव, तोही एकट्याने नव्हे तर जाणकार सोबत्यासह, अपरिहार्य ठरतो. दर काही हातांनंतर मान वर करून दिशा पाहण्याची सवय नसल्यास मार्ग वाकडा होऊन अंतर वाढते.

सायकलचा टप्पा सर्वांत दीर्घ असतो. पुढील सायकलस्वाराच्या अगदी मागे राहून वाऱ्याचा आडोसा घेण्यास या स्पर्धांत मनाई असते. वाऱ्याशी ज्याने त्याने स्वतःच झुंजावयाचे असते. पंक्चर काढण्याचे साधे कौशल्य नसल्याने अनेक महिन्यांची तयारी रस्त्याच्या कडेला वाया जाऊ शकते.

सायकलवरून उतरून धावू लागताच पाय आपले नव्हेतच, असा अनुभव येतो. याकरिता आठवड्यातून एकदा सायकलच्या सरावास जोडूनच थोडे धावण्याची पद्धत आहे. मॅरेथॉनचे अंतर सलग धावण्याचा आग्रह पहिल्या खेपेस धरू नये. थोडे धावणे व थोडे चालणे असा क्रम आरंभापासून ठेवणारे अनेक जण, धावून धावून थकलेल्यांना अखेरच्या टप्प्यात मागे टाकतात.

ही तयारी साधारणतः सहा महिने ते वर्षभर चालते. वैद्यकीय तपासणीने तिचा आरंभ व्हावा, श्रम हळूहळू वाढवावेत आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ते कमी करावेत, अशी रीत आहे. ताकद श्रमाने नव्हे, तर श्रमानंतरच्या विश्रांतीत वाढते, हे तत्त्व विसरता कामा नये.

आपल्या परिसरात

हा खेळ आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. अभिनेते व एकेकाळचे राष्ट्रीय जलतरणपटू मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाची पन्नाशी जवळ आली असता, झुरिच येथील पूर्ण अंतराची स्पर्धा सुमारे १५ तास १९ मिनिटांत पार केली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची, म्हणजे ११३ किलोमीटरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रथमच झाली. वयाचे बंधनही या खेळाने सैल केले आहे. अमेरिकेतील जोगीण मॅडोना ब्युडर यांनी २०१२ साली कॅनडात, वयाच्या ८२ व्या वर्षी, पूर्ण अंतर १७ तासांच्या आत पार केले.

अशा स्पर्धेचे यश केवळ खेळाडूंवर अवलंबून नसते. पाण्यात जीवरक्षक व नौका, पाण्याच्या शुद्धतेची तपासणी, वाहनांपासून व मोकाट जनावरांपासून मुक्त रस्ता, ठिकठिकाणी पाणी व अन्न, सज्ज रुग्णवाहिका आणि मर्यादेपलीकडे थकलेल्या स्पर्धकास थांबविण्याचा अधिकार असलेले वैद्यकीय पथक, ही सर्व व्यवस्था चोख असावी लागते. तिच्यात स्थानिक प्रशासन व पंचायती यांचा वाटा मोठा आहे. मार्गावरील गावांना रस्ता कोणत्या वेळी बंद राहणार आणि रुग्णास किंवा शेतमालास वाट कशी मिळणार, हे आधीच समजले, तर गावकरी तक्रार करण्याऐवजी स्वतःच पाणी घेऊन उभे राहतात.

शिक्षकांसाठीही यात एक बोध आहे. पोहणे, सायकल व धावणे ही ग्रामीण मुलांच्या नित्याच्या परिचयाची कौशल्ये आहेत. सुरक्षित पाण्यात, जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली पोहण्यास शिकलेले मूल भावी क्रीडापटू होईल किंवा न होईल, पण ते बुडण्याच्या धोक्यापासून बऱ्याच अंशी वाचेल. मुलांनी प्रौढांची दीर्घ अंतरे गाठण्याचे कारण नाही. आपली शक्ती ओळखणे आणि ती दिवस मावळेपर्यंत पुरविणे, एवढे या खेळापासून शिकता आले तरी पुष्कळ झाले. १९७८ मधील त्या बारा जणांपैकी विजेता एकच होता. परंतु अंतिम रेषा बाराही जणांनी ओलांडली, आणि पहिल्यांदाच ही वाट चालणाऱ्यासाठी तेवढेच पुरेसे असते.