एकादशीचे व्रत आणि श्वासाचे औषध

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा भरला आहे आणि घरोघरी देव्हाऱ्यापुढे उपवासाचा संकल्प झाला आहे. अशा या पुण्यदिनी पुष्कळ घरांत एक लहानशी चूक घडते. जुनाट श्वासविकाराने थकलेले आजोबा, अथवा चुलीच्या धुरात उभा जन्म काढलेल्या आजी, ‘आज निरंकार आहे’ असे म्हणून रोजची गोळी बाजूस ठेवतात. द्वादशीस पारणे फिटले की राहिलेली गोळी धरून दोन गोळ्या एकदम घेतल्या जातात. या दोन्ही गोष्टी प्रसंगी जिवावर बेतू शकतात.

शास्त्राची तरी अशी आज्ञा आहे काय? महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराने व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. उदक, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा आणि गुरुवचन यांच्या पंक्तीस त्याने औषधालाही बसविले आहे. तेव्हा गोळी घेतल्याने व्रत मोडते, ही शंका भाविकांनी मनातून काढून टाकावी.

या विकारात फवाऱ्याने ओढावयाची औषधे आज मुख्य मानली जातात. त्यांच्या जोडीस काही रुग्णांना रोज थिओफायलीनची गोळी दिली जाते. १८८८ साली आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने चहाच्या पानांतून हे द्रव्य वेगळे केले. श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू ते सैल करते. परंतु गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर फार थोडे. म्हणूनच चुकलेल्या गोळीची भरपाई दुहेरी मात्रेने कधीही करू नये. सावकाश विरघळणारी गोळी चावू अथवा कुटू नये. मळमळ, ओकारी, हातांस कंप, छातीत धडधड वा निद्रानाश जाणवल्यास पुढील गोळीपूर्वी डॉक्टरांस विचारावे; आकडी आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. चहातील कॅफिन हे या औषधाचेच भावंड. त्यामुळे उपवासाचा दिवस केवळ चहावर काढल्यास धडधड व कंप वाढतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, एरिथ्रोमायसिन यांसारख्या औषधांनीही रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. म्हणून तापखोकल्याचे नवे औषध घेताना ही गोळी चालू असल्याचे अवश्य सांगावे.

आजपासून चातुर्मास सुरू होतो. कोणी या काळात विडी सोडण्याचा नेम करतात. श्वासविकाराच्या रुग्णाला याहून श्रेष्ठ नेम नाही! मात्र तंबाखूच्या धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जात असते. विडी सुटताच तीच गोळी जास्त ठरू शकते. म्हणून नेम धरण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी.

काहींना प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी असते. ती रिकाम्या पोटी घेऊ नये. उपवासात दूध व केळे यांबरोबर घ्यावी. अनेक आठवडे चालू असलेली ही गोळी अचानक बंद करणे घातक आहे. अकस्मात धाप लागल्यास मात्र जादा गोळी घेऊ नये. तेथे डॉक्टरांनी दिलेला तातडीचा फवारा वापरावा, आणि उतार न पडल्यास वा ओठ निळसर दिसू लागल्यास रुग्णालयात न्यावे.

ज्यांना गोळी दिवसातून दोनदा घ्यावयाची आहे, त्यांनी तिची वेळ सकाळच्या पूजेशी आणि सायंकाळच्या दिवेलागणीशी जोडावी. देव्हाऱ्यातील दिवा जसा चुकत नाही, तशी मग गोळीही चुकणार नाही. विठ्ठलाचे नाम घ्यावयाचे तेही श्वासानेच. त्या श्वासाचे रक्षण हाही व्रताचाच एक भाग समजावा.