गंधाच्या डबीशेजारची गोळी

त्र्यंबकेश्वरात देवाची दिनचर्या ठरलेली आहे. मंदिरात त्रिकाल पूजा होते आणि दर सोमवारी देवाचा मुखवटा पालखीतून कुशावर्तावर स्नानाला जातो. निवृत्तिनाथांची समाधी इथेच असल्याने गाव वारकऱ्यांचेही आहे, आणि माळकऱ्याच्या घरातला क्रम देवळाइतकाच पक्का असतो: आंघोळ, गंध, मग चहा, तिन्हीसांजेला दिवाबत्ती, हरिपाठ, मग जेवण. ‘आज गंध लावायचे का?’ असा विचार इथे कोणी करत बसत नाही. अंग पुसून झाले की हात गोपीचंदनाच्या डबीकडे जातोच. नव्या वर्षी केलेले संकल्प संक्रांतीपर्यंत का टिकत नाहीत, याचे उत्तर आपण सहसा निश्चयाच्या कमतरतेत शोधतो. माझ्या मते बहुतेक वेळा कमतरता असते ती खुंटीची. नवी गोष्ट कशाला अडकवायची हे ठरलेलेच नसते, आणि जुनी, मुरलेली सवय ही त्यासाठी सर्वांत भक्कम खुंटी.

याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड यांनी 2002 साली लोकांकडून दिवसभरातल्या कृतींच्या नोंदी ठेवून घेतल्या, तेव्हा सुमारे 43 टक्के कृती रोजच्याच, त्याच जागी आणि बहुधा मनात दुसरेच काही चालू असताना झालेल्या आढळल्या. म्हणजे खुंट्या प्रत्येकाकडे भरपूर आहेत. दुसरीकडे, पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. नुसते ‘व्यायाम करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ असे आधीच ठरवणाऱ्यांच्या हातून काम बऱ्याच अधिक प्रमाणात पार पडते, असे त्यातून दिसले. ‘आता करू की नंतर’ हा रोजचा वाद एकदाच मिटवला जातो, एवढेच त्यामागचे रहस्य.

पण खुंटीच्या कोणत्या बाजूला अडकवायचे? ब्रिटनमध्ये 50 जणांवर झालेला, 2013 साली प्रसिद्ध झालेला एक छोटासा अभ्यास इथे उपयोगी पडतो. दातांच्या फटी दोऱ्याने साफ करण्याची सवय लावायची होती. काहींना दोरा ब्रश करण्याआधी वापरायला सांगितले, काहींना ब्रश झाल्यावर. आठ महिन्यांनी पाहिले तर ‘नंतर’वाल्यांची सवय अधिक घट्ट निघाली. कारण साधे आहे. ‘ब्रश करण्याआधी’ हा क्षण कधी आला ते कळतच नाही. ब्रश ठेवला हे मात्र हाताला कळते. एमआयटीतल्या अॅन ग्रेबिएल यांच्या उंदरांवरील प्रयोगांतही याच्याशी जुळणारे काही दिसले. भूलभुलैयातली वाट अंगवळणी पडली, की मेंदूच्या खोल भागातल्या पेशी धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी जोरात चेततात, मधल्या काळात शांत राहतात. त्यावरून मी काढलेला अर्थ असा, की जुन्या सवयीच्या पोटात नवी घुसवू नये, शेपटाला बांधावी. रक्तदाबाची सकाळची गोळी विसरणाऱ्या माळकऱ्याने भिंतीवर सूचना चिकटवण्यापेक्षा गोळ्यांचे पाकीट गंधाच्या डबीशेजारी ठेवावे. (गोळी उपाशीपोटी घ्यायची की खाऊन, हे अर्थात डॉक्टरांनी सांगायचे.)

यावर पहिली हरकत अशी, की असे यांत्रिक वागणे काय कामाचे? भावाविना केलेल्या कर्मकांडाला संतांनीही फटकारलेच आहे. खरे आहे, पण गोळीला भाव लागत नाही, वेळेवर पोटात जाणे लागते. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: सगळ्याच गोष्टी अशा अंगवळणी पडत नाहीत. 2023 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची हात धुण्याची सवय काही आठवड्यांत जडलेली दिसली, व्यायामशाळेत जाण्याची जडायला महिने लागले. संशोधक फिलिपा लॅली यांच्या अभ्यासातही सवय मुरायला लागणारा मध्यम काळ 66 दिवस आला, पण पल्ला 18 ते 254 दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात आढळले. 21 दिवसांचा लोकप्रिय मंत्र मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून आला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, एवढेच त्यांचे निरीक्षण होते. तेव्हा चहाच्या शेपटाला तासभराचा व्यायाम बांधू नये. कप विसळला की पायात बूट घालणे, एवढेच बांधावे.

तिसरी हरकत त्र्यंबकच्या बाजारपेठेतूनच येईल. श्रावणी सोमवारी, त्यातही ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेच्या तिसऱ्या सोमवारी, फूलवाल्याची, हॉटेलवाल्याची, पूजा सांगणाऱ्या गुरुजींची रोजची घडी कुठे उरते? म्हणूनच खुंटी घड्याळाची नको, कृतीची हवी. सहा वाजता करायचे काम त्या दिवशी बुडते; आंघोळ पहाटे तीनला झाली तरी होतेच, आणि तिच्यामागून येणारे कामही. सिंहस्थ कुंभमेळ्यासारखा महिनोन्‌महिने चालणारा लोंढा मात्र खुंट्याच उपटतो, हे मान्य करायला हवे. पण अशा मोडतोडीचाही उपयोग होतो. बास वेर्प्लांकेन यांनी इंग्लंडमध्ये 800 जणांवर केलेल्या अभ्यासात, पर्यावरणपूरक सवयी लावण्याचा प्रयत्न नुकतेच घर बदललेल्यांवर अधिक लागू पडला, आणि ही संधी साधारण तीन महिनेच टिकली. सिंहस्थाची गर्दी ओसरल्यावर दुकानाची वेळ, जेवणाची वेळ, झोपेची वेळ नव्याने बसेल. कोणती सवय कशामागे लावायची हे ठरवायला ते पहिले काही आठवडे सोयीचे. एकदा घडी बसली की तीच गोष्ट पुन्हा अवघड होते.