पातळ थराचे सौर पॅनल : निर्वातातील निर्मिती आणि भातशेतीतील दक्षता



तळा तालुक्यात पावसाळ्यात पाणी उदंड असते; परंतु भात निघाल्यावर वाल, भाजीपाला व आंबा-काजूच्या नव्या कलमांना पाणी देताना ओढाताण होते. म्हणून अनेकजण सौर पंपाचा विचार करतात. बहुतेक पंपांना स्फटिक सिलिकॉनचे पॅनल असतात. ‘पातळ थर’ हा दुसरा प्रकार आहे. त्याची माहिती घेऊनच निवड करावी.

थर कसा बनतो?

भात शिजताना झाकणाच्या आतल्या बाजूस वाफ थंड होऊन पाणी जमते. येथेही तत्त्व तेच आहे. बंद पात्रातील हवा पंपाने काढून घेतात, कॅडमियम टेल्युराइड हे संयुग तापवितात आणि त्याची वाफ काचेवर बसवितात. हवा राहिल्यास वाफेचे कण तिच्यावर आदळून भरकटतात, ऑक्सिजनशी संयोग पावतात व थर बिघडतो. वेफर्सच्या पाकिटातील चकचकीत ॲल्युमिनियमचा थरही निर्वातातच बसवितात.

हा थर केवळ २ ते ३ मायक्रॉन असतो (१ मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग). सिलिकॉनची चकती सुमारे १५० मायक्रॉन असते. तरीही हे संयुग प्रकाश जोमाने शोषते, त्यामुळे एवढा थर पुरतो. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ असे पॅनल बनविणारा मोठा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

निवड करताना

१) पॅनल आकारावर नव्हे, वॅटवर घ्यावे. ३ अश्वशक्तीच्या पंपास सुमारे ३००० वॅटचे पॅनल लागतात. त्यासाठी स्फटिक सिलिकॉनला साधारण १५ चौ.मी., कॅडमियम टेल्युराइडला १७ चौ.मी., तर कॅल्क्युलेटरवर दिसणाऱ्या अस्फटिक सिलिकॉनच्या प्रकाराला ३५ चौ.मी.हून अधिक पॅनल लागतात. जागा कमी असल्यास स्फटिक प्रकार सोयीचा.

२) उन्हाने पॅनल तापले की वीज घटते. पातळ थरात ही घट थोडी कमी असते.

३) ओलावा हा या थराचा शत्रू आहे. काचेच्या कडा तडकलेल्या नाहीत ना, हे पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहावे.

फुटलेले पॅनल शेतात टाकू नका

कॅडमियम विषारी आहे. दोन काचांमध्ये बंद असताना त्यापासून धोका नाही. मात्र फुटलेले तुकडे बांधावर किंवा वहाळात टाकू नयेत. आम्लधर्मी जमिनीत कॅडमियम पिकाला सहज उपलब्ध होते आणि भातपीक ते दाण्यापर्यंत नेते. कोकणातील जमिनी बहुतांशी आम्लधर्मी आहेत. जपानच्या तोयामा भागात खाणीच्या पाण्यातील कॅडमियम भातात उतरले व लोकांना हाडांचा असाध्य आजार जडला.

तुकडे हातमोजे घालून गोळा करावेत, कोरड्या जागी ठेवावेत व विक्रेत्यामार्फत परत पाठवावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनलचाही समावेश आहे. तेव्हा खरेदीच्या वेळीच पॅनल कोणत्या प्रकारचे आहे आणि निकामी झाल्यावर परत कोण घेणार, हे पावतीवर लिहून घ्यावे.