तातोईची धावपट्टी, अथेन्सची खुर्ची
ग्रीक हवाई दलातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी कोण राहणार आणि कोण घरी जाणार, याचा निवाडा दरवर्षी होतो. दलप्रमुखाचं नाव पंतप्रधान आणि मंत्र्यांची सुरक्षा समिती ठरवते. तिने एखाद्या कनिष्ठाला वर उचललं, की त्याच्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्यांना निवृत्ती. आपल्याकडे दलप्रमुखाला तीन वर्षं किंवा वयाची बासष्टी, एवढी तरी खात्री असते.

अशी एका बैठकीत संपू शकणारी कारकीर्द सुरू होते अथेन्सच्या उत्तरेला, तातोईच्या धावपट्टीशेजारी, देकेलियाच्या तळावर. 1931 साली स्थापन झालेली ‘इकारोसांची शाळा’ म्हणजे हवाई दलाची अकादमी इथे आहे. मेणाचे पंख वितळून समुद्रात पडलेल्या पोराचं नाव वैमानिकांच्या शाळेला देण्याची छाती ग्रीकांचीच! चार वर्षं इथे काढायची, मग दक्षिणेला कलामाताच्या तळावर पुढचं उड्डाण शिकायचं.

अधिकारी खरा घडतो तो एजियन समुद्रावर. तिथे ग्रीसचा सागरी प्रदेश किनाऱ्यापासून 6 सागरी मैलांचा, पण हवाई हद्दीचा दावा 10 मैलांचा; तोही 1931 पासूनचा. तुर्कस्तान 6 मैलांपलीकडे काही मानत नाही. मधल्या चार मैलांत तुर्की विमान शिरलं की ग्रीक लढाऊ विमानं झेपावतात. कागदोपत्री काम विमानाची ओळख पटवण्याचं. वर मात्र एकमेकांच्या शेपटीमागे जाण्याची झटापट चालते. शांततेच्या काळातल्या या झटापटींनी माणसं मारली आहेत. 23 मे 2006 रोजी कार्पाथोस बेटाजवळ दोन्ही देशांची एफ-16 विमानं एकमेकांवर आदळली. तुर्की वैमानिक वाचला, ग्रीक वैमानिक कोस्तास इलियाकिस गेला. दोघेही नाटोच्याच सदस्य देशांचे, हे विसरायला होतं.

पुढची चढण ठरलेली: स्क्वाड्रन, मग लढाऊ विंग, लारिसाचं सामरिक मुख्यालय, शेवटी अथेन्सचं टेबल. हुद्दा वाढतो तसे उड्डाणाचे तास घटतात आणि राजकारण जवळ येतं. ते किती महागात पडतं, हे 1967 मध्ये दिसलं. 13 डिसेंबरला राजा कॉन्स्टंटाइनने लष्करी राजवटीविरुद्ध उठाव केला. हवाई दलाचा कल बराचसा त्याच्याकडे होता. उठाव फसला, राजा रोमला निघून गेला आणि मागे राहिलेल्या अनेक अधिकाऱ्यांना नोकरी गमवावी लागली.

विमानांची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. 1974 पासून फँटम, 1989 पासून एफ-16 आणि 2022 च्या जानेवारीत तानाग्राला उतरलेली पहिली राफाल.

याच दलाकडे आणखी एक काम आहे, ज्याचं कौतुक कमी होतं. उन्हाळ्यात पेटलेल्या डोंगरांवर पाणी टाकणारी पिवळी कॅनडेअर विमानंही हवाई दलाचेच वैमानिक चालवतात. समुद्रावरून घसटत पाणी भरायचं, धुरात शिरायचं, दरीत ते सोडून वर यायचं. 25 जुलै 2023 रोजी एविया बेटावर असंच एक विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिक ठार झाले. तेव्हा ग्रीसमध्ये वणव्यांशी लढणाऱ्या नागरी संरक्षण खात्याच्या कारभारात एव्हांगेलोस तूर्नास होते, हवाई दलातून निवृत्त होऊन राजकारणात आलेले अधिकारी.