खरखर दोन, आवाज चार

रेडिओवर बसून रेडिओबद्दलच बोलायचं, म्हणजे यजमानाच्या पंगतीत बसून त्याच्या आमटीत मीठ कमी आहे असं सांगण्यासारखं आहे. पण आमंत्रणच त्यासाठी आलं आहे, तेव्हा संकोच बाजूला ठेवतो.

मी मराठीत कविता लिहितो. घरात आम्ही दखनी बोलतो, अब्बा उर्दू वाचायचे आणि माझं बी.ए.पर्यंतचं शिक्षण मराठीतून झालं. या भाषा माझ्या कानात शेजारीशेजारी बसवल्या त्या रेडिओनं. आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात, महाराष्ट्राच्या कडेला. परभणी १३०५ किलोहर्ट्‌झवर, सोलापूर ६०३ वर, ११०७ वर गुलबर्ग्याचं कन्नड आणि ७३८ वर हैदराबाद. हैदराबादचा ‘नैरंग’ हा उर्दू कार्यक्रम लागला की अम्मी भाकरी थापता थापता ऐकायची. मध्ये कुणी बोललं तर रागवायची नाही, नुसती भुवई उंचवायची.

२००३ साली एका मित्राच्या साप्ताहिकात मी रेडिओ आणि दूरदर्शनवर स्तंभ लिहायला लागलो. साप्ताहिक बंद पडलं, स्तंभ राहिला. आता तो मी स्वतःच चालवतो, इंटरनेटवर. मालक नाही, जाहिरात नाही, त्यामुळे अर्थातच पैसेही नाहीत. लोक विचारतात, कवीमाणूस तुम्ही, रेडिओबद्दल आठवड्याच्या आठवड्याला लिहिण्यासारखं असतं तरी काय?

पहिलं काम ऐकण्याचं, आणि ते वहीत मांडण्याचं. दूरची केंद्रं ऐकण्याचा छंद असणाऱ्यांची एक जुनी पद्धत आहे, तिला सिनपो म्हणतात. पाच आकडे लिहायचे: आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, आवाजातला चढउतार आणि शेवटी एकूण ऐकू कसं आलं. प्रत्येकाला १ ते ५ गुण. ५५५५५ म्हणजे शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं. खरखरीला ५ मिळाले तर खरखर अजिबात नाही, २ मिळाले तर कान किटतात. असा अहवाल वेळ आणि तारीख घालून केंद्राला पाठवला, की पोच म्हणून कार्ड यायचं. माझ्याकडे अशा कार्डांचा एक बुटाचा खोका भरलेला आहे.

वही ठेवली की बऱ्याच गैरसमजुती गळून पडतात. ‘आमचं केंद्र संध्याकाळी आवाज कमी करतं,’ अशी तक्रार वाचकांकडून नेहमी यायची. केंद्र काही करत नाही. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून जातात. आकाशाकडे गेलेल्या लहरी वातावरणातला एक खालचा विद्युतभारित थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरांवरून परत फिरतात आणि शेकडो मैलांवर उतरतात. मग दूरचं केंद्र आपल्या अंगणात येतं आणि जवळच्याच्या आवाजात मिसळतं.

एकदा मीही तोंडघशी पडलो. एका केंद्राचा आवाज आठवडाभर बसला होता. ‘तिथली मंडळी झोपा काढतात,’ असं मी लिहून मोकळा झालो. तिथले एक अभियंते मला भेटले, रागावले नाहीत, प्रक्षेपकाच्या आवारात घेऊन गेले. मध्यम लहरींचा मनोरा हाच मुळात अँटेना असतो. केंद्र १००० किलोहर्ट्‌झवर असेल तर लहरीची लांबी ३०० मीटर, आणि तिचा चौथा हिस्सा म्हणजे ७५ मीटर उंचीचा मनोरा चांगला चालतो. पण निम्मं काम जमिनीखाली असतं. मनोऱ्याच्या पायापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. त्याच तारा चोरांनी उकरून नेल्या होत्या. पुढच्या आठवड्यात मी माफी छापली, आधीच्या टीकेएवढ्याच जागेत.

दूरचित्रवाणीबद्दल थोडक्यात सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आमच्याकडे चित्र यायला बरीच वर्षं लागली. ‘आमची माती आमची माणसं’ बघायला सरपंचांच्या ओसरीवर गाव जमायचं. पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट छत्री आली आणि गच्चीवरचे ॲल्युमिनियमचे सांगाडे कबुतरांच्या कामाला लागले.

माझा जीव अडकलाय तो सहक्षेपणात. केंद्राची पाटी तीच राहते, पण दिवसातले किती तास तिथला माणूस बोलतो आणि किती तास मुंबई-दिल्लीहून आलेलं पुढे ढकललं जातं, हे मी घड्याळ लावून मोजतो. बाहेरून आलेला निवेदक जळकोटला ‘जलकोट’ म्हणतो, तेव्हा आम्ही हसून सोडून देतो. पण दर वेळी हसण्यावारी नेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आमच्याकडे वीज नव्हती. सेलवरचा एक ट्रान्झिस्टर चौकातल्या पारावर ठेवला होता आणि सारं गाव त्याच्याभोवती उभं होतं. बातम्यांत गावांची नावं येत होती. माझ्या शेजारच्या बाईंचं माहेर त्या बाजूचं. त्या प्रत्येक नावाला पदर घट्ट धरायच्या. त्या वेळी नाव चुकीचं उच्चारलं गेलं असतं तर?

आणखी एक गोष्ट. खाजगी एफएम २००१ मध्ये आलं, पण स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी त्याला मिळाली नाही. २०११ च्या धोरणानं फक्त आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा ऐकवायला मुभा दिली. म्हणजे रेडिओवरच्या बातम्यांना दुसरी दुकानं नाहीत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं. मालमत्ता माझी, तर हिशेब मागायला नको?

हिशेब मागितला की किंमतही पडते. एका केंद्रानं सकाळचा स्थानिक तास काढून तिथं सहक्षेपण लावलं, ते मी तारखेनिशी लिहिलं. वर्षातून दोनदा तिथून मला कवितावाचनाचं करारपत्र यायचं. ते यायचं थांबलं. कुणी काही बोललं नाही, भांडणही झालं नाही. रक्कम फार नव्हती, पण खोटं कशाला बोलू, मुलीच्या कॉलेजच्या फीमध्ये ती धरलेली असायची. त्यानंतर दोन वेळा लिहायला बसलो आणि पेन थोडं मऊ चालतंय असं जाणवलं. ते दोन्ही लेख मी फाडले. तेव्हापासून नियम केला, कुठल्याही केंद्राकडून मानधन घेतलं तर पुढच्या लेखाच्या पहिल्या ओळीत तो आकडा छापायचा. आज इथं येतानाही तसं सांगून आलोय. यजमान हसले आणि म्हणाले, छापा, आकडा वाचून लोकांना आमची दयाच येईल.

माझे एक जुने वाचक आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तिकिटाच्या पेटीत पैसे मोजावेत तसे ते आकडे मोजून पोस्टकार्डावर पाठवतात: ‘सव्वासहा ते पावणेसात, आवाज ४, खरखर २.’ त्यांचं केंद्र मध्यम लहरींवरून उठून एफएमवर गेलं. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, आणि त्यांची वाडी टेकडीच्या मागे आहे. मुलगा म्हणतो, मोबाइलवर ऐका. वाडीत मोबाइलला रेंज आहे ती फक्त देवळाच्या पायरीवर. गेल्या वेळच्या कार्डावर त्यांनी वेळ घातली, तारीख घातली आणि पाच शून्यं लिहिली. सिनपोत शून्य नसतं, आकडे एकापासून सुरू होतात. हे त्यांना मीच शिकवलं होतं. ते कार्ड मी आहे तसं छापलं आणि त्याची एक प्रत केंद्राला पाठवली. पोच अजून आलेली नाही.