घरातील चिलटे आणि आपले आरोग्य

पिकलेली केळी खोलीत दोन-तीन दिवस राहिली की त्यांच्याभोवती चिलटे घिरट्या घालू लागतात. २ ते ३ मिलिमीटर लांबीचा हा कीटक म्हणजे बहुधा ड्रोसोफिला मेलानोगास्टर. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वापरतात तोच. आंबा-पेरूच्या सालीखाली अंडी घालणारी बागेतील फळमाशी मात्र वेगळी.

चिलट चावत नाही. मग धोका कशाचा? ते मोरीवर किंवा कचऱ्याच्या डब्यावर बसते आणि तेथून कापलेल्या फळावर येते. अंगाला चिकटलेले जिवाणू त्याच्याबरोबर येतात. चिलटांमुळे ई. कोलाय जिवाणू सफरचंदाच्या चिरलेल्या भागात पोहोचतात, हे प्रयोगांत दिसले आहे. अशा जिवाणूंमुळे जुलाब-उलट्या होऊ शकतात. म्हणून कापलेली फळे झाकून ठेवा.

चिलटे मारून संपत का नाहीत? २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून पूर्ण कीटक सुमारे १० दिवसांत तयार होतो आणि एक मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते. तेव्हा आधी उगम शोधा: ओला कचरा, मोरीतील गाळ, टोपलीच्या तळाशी सडलेला बटाटा. तो काढून जागा कोरडी ठेवा.

सोबत वाटीत थोडे व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब ठेवा. साबणाने पृष्ठताण कमी होतो व चिलटे बुडतात. पण सापळ्यात फक्त उडणारी चिलटे सापडतात, अळ्या नाहीत. त्यामुळे किमान दोन आठवडे स्वच्छता सोडू नका.