फटके मोजावेत की गुण?

गोल्फमध्ये सामान्यतः ज्याचे एकूण फटके कमी, तो विजयी. त्यामुळे १८ पैकी एकाच होलवर डाव बिघडला, तरी खेळाडू हताश होऊन खेळ सोडीत. यावर इंग्लंडमधील वॉलसी क्लबच्या डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी गुणांची युक्ती काढली. तिच्यानुसार तेथे १६ मे १९३२ रोजी स्पर्धा झाली.

प्रत्येक होलसाठी फटक्यांची अपेक्षित संख्या ठरलेली असते. तिला ‘पार’ म्हणतात. पारइतके फटके लागल्यास २ गुण, एक कमी लागल्यास ३, एक जास्त लागल्यास १ आणि त्याहून जास्त लागल्यास शून्य. ऋण गुण नाहीत. नवख्या खेळाडूला फटक्यांची सूट देऊन मग गुण मोजतात.

समजा, पार ४ असलेल्या तीन होलांवर सूट नसलेल्या ‘अ’ला ४, ४, १० आणि ‘ब’ला ५, ५, ५ फटके लागले. बेरजा १८ व १५. म्हणजे ‘ब’ विजयी. आता गुण मोजा. ‘अ’ला २+२+०=४, ‘ब’ला १+१+१=३. विजयी ‘अ’!

खेळ तोच, निकाल उलटा! कारण गुणपद्धतीत एका चुकीच्या शिक्षेला मर्यादा आहे. फटक्यांच्या बेरजेत ती नाही. म्हणून कोणताही निकाल पाहताना आधी विचारावे : मोजले कसे?